चालत्या तारेचे मोजमाप

आज आपणांपुढे मांडावयाचा विषय वरवर पाहता फार रूक्ष आहे. कारखान्यात तार तयार होत असताना, ती धावत असतानाच तिची जाडी संगणकाच्या साहाय्याने कशी मोजतात, एवढाच तो विषय. ज्याचे सारे आयुष्य खडू आणि फळा यांच्या सहवासात गेले, त्या प्राथमिक शिक्षकाने अशा यंत्रविषयाकडे का वळावे, अशी शंका आपणांस येईल. तिचे उत्तर मी शेवटी देणार आहे. कारण या मोजमापाने मला तारेपेक्षा माझ्या स्वतःच्या धंद्याविषयी अधिक शिकविले.

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन शेजारी तालुके. घोड आणि भीमा या नद्यांच्या आधाराने येथली शेती उभी आहे. शिरूरहून न्हावरे, चौफुला या मार्गाने दौंड तालुक्यात उतरावयाचे म्हटले, म्हणजे वाटेत जिकडे पाहावे तिकडे तारच दिसते. विहिरीवरील मोटारीत तार, द्राक्षांच्या मांडवाला तार, शेताच्या कुंपणाला तार. महागणपतीमुळे अष्टविनायकांत गणल्या गेलेल्या रांजणगावी आता मोठी औद्योगिक वसाहत आहे. बेल्जियम देशात १८८० साली स्थापन झालेल्या आणि काटेरी तारेपासून धंद्याला आरंभ करणाऱ्या बेकार्ट या कंपनीचा कारखाना तेथे आहे, आणि मोटारगाडीच्या टायरच्या पोटात घालावयाची पोलादी दोरी हे तिचे एक प्रमुख उत्पादन आहे. त्या दोरीतील एकेक तंतू मिलिमीटरच्या काही दशांशांइतकाच जाड असतो. उलट दौंडच्या स्थानकात मान वर करून पाहिले, तर रुळांवर टांगलेली तांब्याची संपर्क-तार दिसते. तिच्यातून पंचवीस हजार व्होल्ट दाबाची वीज वाहते. नवी असताना तिचा छेद १०७ चौरस मिलिमीटर आणि व्यास सव्वाबारा मिलिमीटरच्या आसपास असतो. इंजिनाच्या माथ्यावरील पट्टी तिला खालून घासत जाते, ती झिजते, आणि म्हणून उरलेली जाडी वेळोवेळी मोजावी लागते. केसासारखी तार असो की बोटासारखी, तिचा खरा गुण तिच्या जाडीत आहे आणि ती जाडी सर्वत्र सारखी असण्यात आहे.

हे मला पुस्तकातून कळले नाही. एका जळालेल्या मोटारीमुळे कळले.

माझ्या एका शेतकरी शेजाऱ्याची विहिरीवरील पाच अश्वशक्तीची मोटार चैत्रात जळाली. उसाला पाणी हवे होते. शिरूर येथील मोटारी भरणाऱ्या एका दुकानात ती नेली. दुकानदार माझा जुना विद्यार्थी. त्याने दोन दिवसांत मोटार भरून दिली. सहा आठवडे लोटले नाहीत तोच ती पुन्हा जळाली. पहिल्या वेळी आम्ही सर्वांनी विजेच्या कमी दाबाला दोष दिला होता. खेड्यात तो देण्याची सवयच आहे. दुसऱ्या वेळी मी शेजाऱ्याबरोबर दुकानात गेलो. विद्यार्थ्याने मला बसावयास स्टूल दिले, आणि पहिल्या भरणातून उरलेले तारेचे रीळ काढून माझ्यासमोर ठेवले.

“गुरुजी, ही वीस नंबरची तार. घेताना मी टोक मोजून घेतले होते. वर बरोबर आहे. आता पोटात बघा.”

त्याने रीळ उलगडले, मधल्या एका ठिकाणी तारेवरील लाखेसारखा थर खरवडला, आणि ती जागा स्क्रू गेजच्या जबड्यात धरली. वीस नंबरची तार म्हणजे ०.०३६ इंच, अर्थात ०.९१४ मिलिमीटर. रिळाच्या टोकाशी ती तेवढीच होती. मध्ये काही अंतर ती ०.८७ भरली, आणि पुढे पुन्हा सारखी झाली.

“एवढ्याने मोटार जळते का रे?” मी विचारले.

“गुरुजी, हिशेब तुम्हीच करा,” तो म्हणाला.

मी घरी येऊन हिशेब केला. तो आपणही मनात करून पाहावा. तारेतून वीज वाहते ती तिच्या छेदातून, आणि छेदाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. व्यास शंभराचा पंचाण्णव झाला, तर छेद शंभराचा नव्वद होतो. म्हणजे व्यासातील पाच टक्क्यांची तूट छेदात दहा टक्के होऊन बसते. छेद कमी झाला की विजेला होणारा विरोध त्याच मानाने वाढतो, आणि तेवढ्याच विद्युत्प्रवाहाला त्या जागी दहा टक्के अधिक उष्णता उत्पन्न होते. गुंडाळीच्या आत दडलेल्या तारेला ती उष्णता बाहेर टाकण्यास वाट नसते. मोटारीच्या आवरणाविषयी कारागिरांचा एक जुना ठोकताळा आहे: उष्णतामान दर दहा अंशांनी वाढले की आवरणाचे आयुष्य निम्मे होते. सारी गुंडाळी निर्दोष असूनही एवढा एक बारीक तुकडा तिचा घात करू शकतो. साखळीचे बळ तिच्या सर्वांत अशक्त कडीइतकेच.

आता उलट बाजू पाहू. मग कारखानदाराने तार थोडी जाडच का करू नये? तेथेही तोच वर्ग आडवा येतो. व्यास एक टक्क्याने वाढला की तांबे दोन टक्के अधिक लागते. एक मिलिमीटर व्यासाच्या तांब्याच्या तारेचे वजन दर मीटरला सुमारे सात ग्रॅम. एका किलोत अशी तार सुमारे १४२ मीटर बसते. रोज कित्येक टन तार ओढणाऱ्या कारखान्याने प्रत्येक शंभर किलोंमागे दोन किलो तांबे फुकट दिले, तर तो फार दिवस चालणार नाही. शिवाय जाड तार मोटारीच्या खाचेत मावत नाही ती नाहीच. म्हणजे बारीक तारेने गिऱ्हाईक बुडते, जाड तारेने कारखानदार. सुरक्षित वाट दोहोंच्या मध्ये आहे आणि ती फार अरुंद आहे.

ही वाट साधते कशी, हे समजण्यासाठी तार कशी होते ते थोडक्यात पाहू. सोनाराच्या दुकानात भोके पाडलेली पोलादी पट्टी आपण पाहिली असेल. सोन्याची कांडी एका भोकातून ओढावयाची, मग त्याहून लहान भोकातून, मग त्याहूनही लहान. कारखान्यातही हेच चालते. तेथील भोकाच्या साच्याला डाय म्हणतात; ती टंग्स्टन कार्बाइड या अतिकठीण पदार्थाची, आणि बारीक तारेसाठी तर हिऱ्याची असते. तांब्याची आठ मिलिमीटर जाडीची कांब एका टोकाने आत जाते आणि एकामागून एक डायांतून बाहेर पडत पडत बारीक होते. धातू नाहीसा होत नाही, तो फक्त लांबतो. आठाची एक झाली, म्हणजे छेद चौसष्टांश झाला. म्हणून एक मीटर कांबेची चौसष्ट मीटर तार होते, आणि आत येताना जो वेग असतो त्याच्या चौसष्टपट वेगाने ती बाहेर धावते.

तारेच्या नंबरांचे कोडेही येथेच उलगडते. नंबर वाढतो तशी तार बारीक का होते, असा प्रश्न मला मुले विचारीत. पूर्वी तार जितक्या अधिक भोकांतून ओढली जाई तितका तिचा नंबर मोठा, असा साधारण प्रघात होता. इंग्लंडात निरनिराळ्या पेढ्यांचे नंबर निरनिराळे होते आणि त्यावरून व्यवहारात तंटे होत. अखेर १८८४ साली तेथे एकच अधिकृत माप लागू झाले, आणि तेच आपल्याकडेही रुजले. भारताने १९५८ पासून दशमान मेट्रिक मापे स्वीकारण्यास आरंभ केला. तथापि मोटारी भरणाऱ्या दुकानांत अजूनही वीस नंबर आणि बावीस नंबर हीच भाषा चालते.

माप ठरले, पण मोजावयाचे कसे? पॅरिसच्या पामर नावाच्या कारागिराने १८४८ साली स्क्रू गेजचे एकस्व घेतले. हे साधन आपणांपैकी पुष्कळांनी शाळेच्या प्रयोगशाळेत हाताळले असेल. त्याने मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजता येतो. साधन उत्तम आहे. आजही ते प्रत्येक कारखान्यात असते. पण त्याची एक मर्यादा आहे: त्याच्या जबड्यात धरावयाची तार उभी असावी लागते. धावती तार त्याला मोजता येत नाही.

समजा, तार दर सेकंदाला वीस मीटर धावत आहे. हा वेग ताशी बहात्तर किलोमीटर होतो, म्हणजे चांगल्या धावत्या आगगाडीइतका. दहा किलोमीटर तारेचे रीळ या वेगाने सव्वाआठ मिनिटांत भरते. तपासनीस रिळाचे पहिले टोक मोजतो, शेवटचे टोक मोजतो, आणि चिठ्ठी लावतो. मधली दहा किलोमीटर तार कोणी पाहिली? कोणीच नाही. मधल्याच एखाद्या ठिकाणी गुंडाळणाऱ्या चाकाचा ताण क्षणभर वाढला, आणि मऊ तांबे ताणून बारीक झाले, तर त्याची वार्ता दोन्ही टोकांना नसते. माझ्या शेजाऱ्याच्या मोटारीत शिरलेली तार बहुधा अशीच होती. ती कोणत्या कारखान्याची, हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. तपासणाऱ्याने लबाडी केली असेही मला वाटत नाही. त्याने टोके तपासली आणि टोके निर्दोष होती, एवढेच.

यावर उपाय असा हवा की, जो तारेला स्पर्श करणार नाही, तिला थांबविणार नाही, आणि तिच्यावरून क्षणभरही नजर काढणार नाही. असा उपाय प्रकाशाने दिला.

आपण दौंडहून पुण्यास आगगाडीने निघाला आहात आणि सूर्य खिडकीच्या बाजूस आहे, अशी कल्पना करा. वाटेत एखादा विजेचा खांब आडवा येतो, तेव्हा डोळ्यांवरचे ऊन निमिषमात्र जाते. वडाचा बुंधा आडवा आला तर अंधार अधिक वेळ टिकतो. गाडीचा वेग ठाऊक असेल आणि अंधार किती वेळ टिकला हे मोजता आले, तर खाली न उतरता बुंध्याची जाडी सांगता येईल. तार मोजणाऱ्या यंत्राची एक जात नेमकी याच तत्त्वावर चालते. त्यात लेसरचा एक बारीक किरण असतो. गरगर फिरणाऱ्या आरशावरून परतून तो पंख्यासारखा झाडत जातो. पुढील भिंगामुळे त्याच्या सर्व रेषा समांतर होतात, म्हणून धावताना तार थोडी मागेपुढे झाली तरी माप बिघडत नाही. पलीकडे प्रकाश ओळखणारा डोळा बसविलेला असतो. किरण तारेवर आला की त्या डोळ्यापुढे अंधार होतो. किरण पुढे सरकला की उजेड. अंधार किती वेळ टिकला, तेवढी तार जाड.

हा वेळ किती सूक्ष्म असतो पाहा. किरण सेकंदाला शंभर मीटर वेगाने सरकतो असे धरले, तर एक मिलिमीटर तारेची सावली एका सेकंदाचा एक लक्षांश भाग टिकेल. मिलिमीटरचा हजारावा भाग, ज्याला मायक्रॉन म्हणतात, तो ओळखावयाचा तर सेकंदाचे दहा कोटी भाग करून त्यांतील एक भाग मोजता आला पाहिजे. माणसाच्या हातून हे होणे नाही. येथे संगणकाचे काम सुरू होते. तो सेकंदाला हजार वेळा ही सावली मोजू शकला, तर वीस मीटर वेगाच्या तारेवर दर दोन सेंटिमीटरला एक माप पडते, आणि आपल्या त्या दहा किलोमीटरच्या रिळात पाच लाख मापे होतात. जेथे दोन मापे होती तेथे पाच लाख!

पुष्कळ यंत्रांत असे दोन किरण काटकोनात बसविलेले असतात. याचे कारण असे की, तार नेहमी गोल असतेच असे नाही. डाय एका अंगाने झिजली तर तार लंबगोल होते. आडवे माप १.०२ आले आणि उभे माप ०.९८ आले, तर सरासरी नेमकी १ येते आणि सर्व आलबेल दिसते. सरासरी गुडघाभर पाण्याची नदी पायी उतरू गेलेला मनुष्य बुडतो तो याच हिशेबाने.

पण श्रोतेहो, पाच लाख मापे जमविणे म्हणजे ज्ञान नव्हे. वर्गातील सर्व मुलांच्या सर्व वह्या कपाटात भरून ठेवल्या म्हणजे मुलांची प्रगती कळत नाही. त्या वाचाव्या लागतात. संगणकाची खरी उपयुक्तता वाचनात आहे. तो ही मापे पडद्यावर एका रेषेच्या रूपाने मांडतो, आणि जाणत्या माणसाला ती रेषा बोलकी असते. रेषा दिवसभर हळूहळू वर चढत असेल, तर डायचे भोक झिजून मोठे होत आहे; तिची वेळ भरत आली. रेषा एकाएकी खाली गेली आणि पुन्हा वर आली, तर ताणाचा झटका बसला. आणि रेषा ठराविक अंतराने वरखाली होत असेल, तर कोठेतरी फिरणारे चाक दोषी आहे. ते कोणते, हेही गणिताने सांगता येते. समजा, दर १.५७ मीटरला तीच खोड पुन्हा दिसते. १.५७ ला ३.१४ ने भागा. अर्धा मीटर आला. मग कारखान्यात अर्धा मीटर व्यासाचे चाक शोधावयाचे. त्याचा आस वाकला असेल किंवा काठ झिजला असेल. परीघ आणि व्यास यांचे हे गुणोत्तर मी मुलांना पाठ करावयास लावीत असे. ते अपराधी शोधण्याच्या कामी येते, हे ठाऊक असते तर मी ते अधिक गोडीने शिकविले असते.

तारेवर प्लास्टिकचे आवरण चढवितात तेथे तर संगणक पाहून स्वस्थ बसत नाही, तो दुरुस्तीही करतो. आवरण जाड होऊ लागले तर तारेचा वेग वाढवावयाचा, पातळ होऊ लागले तर कमी करावयाचा. पण येथे एक गोम आहे. आवरण तप्त असताना फुगलेले असते आणि थंड झाल्यावर आकसते. म्हणून अखेरचे माप थंड पाण्याच्या लांब पन्हळीपलीकडेच घ्यावे लागते. म्हणजे वार्ता उशिरा येते. आपण स्नानाला बसतो, पाणी कढत लागते म्हणून विसणाचा नळ सोडतो. गार पाणी नळीतून येईपर्यंत धीर धरीत नाही, नळ आणखी सोडतो, आणि मग एकदम हुडहुडी भरते. घाईने केलेली दुरुस्ती मूळ दोषाहून वाईट होते. म्हणून वार्तेला किती उशीर लागतो हे संगणकाला आधी शिकवावे लागते, आणि कित्येक ठिकाणी पन्हळीच्या अलीकडे एक व पलीकडे एक अशी दोन मापे घेतात.

केव्हा दुरुस्ती करावयाची आणि केव्हा करावयाची नाही, हा विचार मोठा मोलाचा आहे, आणि तो संगणकाहून जुना आहे. अमेरिकेत टेलिफोनची यंत्रे बनविणाऱ्या संस्थेतील वॉल्टर श्यूहार्ट या शास्त्रज्ञाने १९२४ च्या मे महिन्याच्या १६ तारखेस आपल्या वरिष्ठांस एक लहानसे टिपण लिहिले. त्यात एक आलेख होता. कोणत्याही दोन वस्तू अगदी सारख्या होत नाहीत. थोडा फरक स्वाभाविक असतो. त्या स्वाभाविक फरकाच्या दोन सीमारेषा आखाव्या. माप त्यांच्या आत हेलकावत असेल तर यंत्राला हात लावू नये. सीमा ओलांडील किंवा एकाच दिशेने सरकत राहील तेव्हा कारण शोधावे. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या पुढाकाराने १९४७-४८ मध्ये हेच श्यूहार्ट भारतात आले होते आणि आपल्या उद्योगांत हा विचार रुजविण्यास त्यांचे साहाय्य झाले. योगायोग असा की, पहिला लेसर किरण प्रकटला तोही मे महिन्याच्या १६ तारखेसच, साल १९६०. आज तार मोजणाऱ्या यंत्रात या दोन तारखा एकत्र नांदत आहेत: किरण माप घेतो आणि आलेख त्याचा अर्थ लावतो.

एवढे झाले म्हणजे प्रश्न मिटला काय? नाही. दोन गोष्टी सांगावयास हव्यात.

पहिली ही की, यंत्रही चुकते. कारखान्यात तेलाचे तुषार उडतात. तारेला चिकटलेला एक थेंब जाडीत धरला जातो. काचेवर धूळ बसली की सावली बिघडते. म्हणून काच पुसावी लागते, आणि ज्याचा व्यास निश्चित ठाऊक आहे अशी प्रमाण कांडी मधूनमधून यंत्रापुढे धरून त्याचीच परीक्षा घ्यावी लागते. त्या कांडीची परीक्षा तिच्याहून सूक्ष्म मापाने होते, आणि ही परंपरा शेवटी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत पोहोचते. शिवाय जाडी बरोबर आहे म्हणजे तार निर्दोष आहे असेही नव्हे; तांब्याची शुद्धता, तारेचा मऊपणा, पृष्ठावरील चरा, यांची परीक्षा निराळीच करावी लागते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. माझा आणखी एक विद्यार्थी आमच्या भागातील एका कारखान्यात तारेच्या यंत्रावर कामाला आहे. त्याने मला सांगितले, “गुरुजी, रात्रपाळीला गजर सारखा वाजायचा. मशीन थांबायचे आणि माल भरायचा नाही. मग आमच्यातल्या मंडळींनी संगणकातली मर्यादाच रुंद करून टाकली. गजर बंद झाला.”

“आणि तार?” मी विचारले.

“तार होती तशीच निघत होती.”

पुढे गिऱ्हाइकांकडून रिळे परत आली तेव्हा हा प्रकार उघडकीस आला. मर्यादा बदलावयाची तर वरिष्ठाची सही हवी, असा नियम मग तेथे झाला. पण माझ्या विद्यार्थ्याच्या मते खरा पालट त्या नियमाने झाला नाही. दोष दिसला म्हणून जो यंत्र थांबवील त्याला माल कमी भरल्याबद्दल कोणी बोलणार नाही, असे जेव्हा सांगण्यात आले आणि तसे खरोखर पाळण्यात आले, तेव्हा तो झाला. ही गोष्ट सांगताना त्याचा चेहरा मी पाहिला आहे. मर्यादा रुंद करणारे ते लोक वाईट नव्हते. खरे सांगणे त्यांना महाग पडत होते, म्हणून त्यांनी खरे सांगणाऱ्याचे तोंड बंद केले. यंत्र खोटे बोलत नाही हे खरे. पण त्याने काय बोलावे आणि केव्हा गप्प बसावे, हे माणूसच ठरवितो.

आता आरंभी दिलेले वचन पुरे करतो.

मोटार भरणारा जो विद्यार्थी, त्याची दुसऱ्या भरणाची मजुरी माझा शेजारी देऊ लागला, तेव्हा त्याने ती घेतली नाही. “तार मी निवडली होती,” एवढेच तो म्हणाला. हा मुलगा माझ्याच वर्गात सातवीच्या वार्षिक परीक्षेत गणितात नापास झाला होता, आणि त्याच वर्षी त्याची शाळा सुटली. त्याची उत्तरपत्रिका मी तपासली होती. ती मला अजून आठवते. त्याची सारी चूक एकाच जागी होती. अपूर्णांकांचा छेद समान करणे त्याला कळले नव्हते, आणि पुढचे प्रत्येक उदाहरण त्या एका जागी अडत होते. अपूर्णांक मी शिकविले पावसाळ्यात; त्याला ते कळले नाहीत हे मला समजले उन्हाळ्यात. मधले सात-आठ महिने तो रोज माझ्यासमोर बसत होता. मी रिळाची टोके मोजली; पोट पाहिले नाही. परीक्षा प्रामाणिकपणे घेतली, गुण चोख दिले, आणि मुलगा गमावला.

तेच बोट आज मिलिमीटरचा शंभरावा भाग अचूक वाचते. म्हणजे बुद्धीत उणे नव्हते. उणे माझ्या पाहण्यात होते. अखेरची परीक्षा दोष मोजते, तो टाळीत नाही. टाळता येतो तो काम चालू असताना, घडत असतानाच पाहिला तर. पाटी हातात घेऊन मुलांमधून फिरणाऱ्या जुन्या पंतोजीला हे ठाऊक असावे. मला ते एका तारेने शिकविले.

श्रोत्यांपैकी कोणी शिक्षक असतील, कोणी तपासनीस, कोणी पाळीवर काम करणारे. त्यांस माझी एवढीच विनंती आहे. संगणक असो वा नसो, मधले माप घ्या. आणि ज्याच्या हाताखाली दुसरी माणसे आहेत, त्याने गजर वाजविणाऱ्यावर रागावू नये. माझ्या शेजाऱ्याच्या उसाचे त्या वर्षी दोन पाणी चुकले. ते पीक पुढे सावरले. सर्वच पिके सावरत नाहीत.